निझव्याचं पाणी, खडकीचं पाणी

छत्रपती संभाजीनगर,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, तू तर लगेच तिकडची होऊन गेलीस." आणि मेस बंद होईल म्हणून फोन ठेवलास. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फोनवर उत्तर द्यायला गेले तर तू 'बरं, बरं' करून विषय बदलशील, म्हणून लिहूनच पाठवते. सवडीनं वाच, पण शेवटपर्यंत वाच.

ओमानमधला आपला निझवा आठवला नाही असा दिवस जात नाही, बाळा. पहाटे जाग आली की अजूनही कान खिडकीखालच्या फलजकडे, त्या पाण्याच्या पाटाकडे लागतात. पाण्याचा तो आवाज का येत नाही म्हणून क्षणभर जीव कासावीस होतो आणि मग ध्यानात येतं की हे सिडको आहे. किल्ल्याच्या गोल बुरुजावर सकाळी पडणारं ऊन, त्यामागचे उघडेबोडके डोंगर, खजुरीच्या बागेतून शाळेत जाताना पायाला जाणवणारा गारवा, हे सगळं माझ्यासोबत इथे आलंय. ते काही कंटेनरमधून आणावं लागलं नाही.

शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार तर फारच आठवतो. तू लहान असताना बाबांच्या खांद्यावर बसून बघायचास. मालक दोरीला धरून बकरं गोल गोल फिरवायचे, घेणारे मधल्या ओट्यावर आणि कडेनं दाटीनं बसलेले. चालता चालता भाव ओरडायचा, कुणी हात केला की थांबायचं, मग तो म्हातारा दशदाशाच्या, त्या पायघोळ झग्याच्या, बाह्या सारून बकरीचे दात बघायचा, कास चाचपायचा, मान हलवायचा, की बकरी पुन्हा रिंगणात. सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं. आपल्या उदगीरच्या बाजारात माझे आजोबा देवणी बैलाचा सौदा करायचे तो रुमालाखाली, बोटं दाबून. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळायचा नाही. मी निझव्यात पहिल्यांदा तो बाजार पाहिला तेव्हा मला आजोबांची इतकी आठवण आली होती की डोळे भरून आले. म्हणजे बघ, तिथे असताना मी इथलं आठवत होते.

आणि शेजारची म्हातारी. तिचं नाव इथे लिहीत नाही, तुला माहीतच आहे. खजूर पुढे करायची, दल्ल्यातून इवल्याशा फिंजानात वेलदोड्याचा कहवा ओतायची, आणि आपण फिंजान डावी-उजवीकडे हलवला की थांबायची. तो हलवेपर्यंत ओततच राहायची. माझी अरबी मोडकी, तिला हिंदी येत नव्हतं, आणि तरी आमच्या दुपारच्या दुपार जायच्या. निघायच्या दिवशी तिनं माझ्या हातात लुबानची, तिकडच्या धुपाची, पुरचुंडी दिली. ती मी अजून उघडलेली नाही.

तेव्हा मी निझवा विसरले असं म्हणू नकोस. पण आणखी एक गोष्ट तुला स्पष्ट सांगायला हवी, तू आता मोठा झालास. तो देश कागदावर आपला कधीच होणार नव्हता. तू तिथल्या दवाखान्यात जन्मलास, बारावीपर्यंत तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकलास, तरी तुझं तिथे राहायच्या परवान्याचं कार्ड बाबांच्या कार्डावर आणि बाबांचं कार्ड नोकरीवर. नोकरी संपली की कार्ड संपतं. बाबांच्या जागी तिथलाच एक तरुण इंजिनिअर आला. ते योग्यच आहे. त्यांच्या देशातली कामं त्यांच्या लेकरांना मिळायलाच पाहिजेत, आणि बाबांनी त्या मुलाला हातचं काही राखून न ठेवता सगळं शिकवलं हे तू स्वतः पाहिलंस. पण योग्य आहे म्हणून दुखत नाही, असं थोडंच आहे? विमानतळावर बाबा किती वेळ काचेपाशी उभे होते.

इथे आल्यावर जो तो म्हणतो, "आलात एकदाचे आपल्या घरी." लोक मायेनं म्हणतात. पण माझं माहेर उदगीर, बाबांचं गाव परळीकडचं. हे शहर आम्हा दोघांनाही नवंच. शाळेच्या सहलीत वेरूळ, मकबरा, पाणचक्की एका दिवसात पळत पळत पाहिलेलं, तेवढीच काय ती ओळख. बाबांना शेंद्र्याच्या एमआयडीसीत काम मिळालं म्हणून इथे घर घेतलं. पहिले काही आठवडे मी खोकी उघडली, लावली, पुन्हा बांधल्यासारखी एका कोपऱ्यात ठेवली. बाहेर पडले तरी भाजीपुरतं. जालना रोडवरून रिक्षा जायची आणि दोन्ही बाजूंना दुकानांच्या पाट्या नि उड्डाणपूल. यात बघण्यासारखं काय आहे, हे तू जे आज म्हणतोस तेच मी तेव्हा म्हणत होते.

मग एके दिवशी नळाला पाणी आलं. इथे पाणी काही दिवसांआड येतं, हे तुला माहीत आहे. 'नळ आले, नळ आले' अशी जिन्यातून हाक गेली की सगळी बिल्डिंग जागी. रात्रीचे किती वाजले हे कुणी बघत नाही. खालच्या मजल्यावरच्या ताई पाइप धरून उभ्या होत्या. मी भूगोलाची बाई. नव्या गावात गेलं की पाणी कुठून येतं ते आधी विचारायचं, ही माझी जुनी सवय. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "पैठणहून. जायकवाडीचं." आणि पैठण तर आपल्यापेक्षा सखल. म्हणजे गोदावरीचं पाणी नाथसागरातून पंपानं चढवत चढवत इथवर आणायचं. मग मी विचारलं, धरण झालं ते १९७६ साली. त्याच्या आधी, पंप नव्हते तेव्हा, एवढं मोठं शहर काय पीत होतं? त्या म्हणाल्या, "नहरीचं पाणी होतं म्हणे."

त्या एका शब्दानं मी घराबाहेर पडले.

दर रविवारी सकाळी उन्हं तापायच्या आत मी निघते. कधी बाबा सोबत असतात, बहुतेक वेळा एकटीच. एन-सातहून टीव्ही सेंटर, तिथून दिल्ली गेट. इथे दरवाज्यांचं गाव म्हणतात, बावन्न दरवाजे होते असं सांगतात, उरलेत थोडे. त्यातल्या काहींच्या कमानीखालून अजूनही रिक्षा, दुधाच्या गाड्या, शाळेच्या व्हॅन जातात. दिल्ली गेटजवळच सलीम अली सरोवर आहे, तिथे हिवाळ्यात पक्षी येतात. पुढे हिमायतबाग, आंब्याची जुनी झाडं, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र तिथे आहे. आणि मग खाम नदीच्या काठाला, मेहमूद दरवाज्यापाशी, पाणचक्की.

पाणचक्कीबद्दल तुला जरा सविस्तर सांगते, कारण तू सिव्हिलला आहेस आणि कारण मी तिथे उभी राहून रडले. तिकीट काढून आत गेले. समोर मोठा आयताकृती हौद, त्यात एका उंच भिंतीवरून पाण्याची धार पडत होती. बारीकच होती, पण होती. आणि तो आवाज, सोनू. तोच. आपल्या खिडकीखालचा.

हे पाणी उत्तरेच्या डोंगरातल्या झऱ्यातून येतं. जमिनीखालून मातीच्या नळांनी, मैलोन्‌मैल. वाटेत कुठे पंप नाही, मोट नाही. डोंगर उंच आणि शहर खाली, एवढ्या उताराच्या जोरावर. शेवटी ते एका उंच खांबासारख्या भिंतीत आपणहून वर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं, त्या पडण्याच्या जोरावर खालचं चाक फिरायचं आणि जातं दळायचं. १७४४ च्या सुमाराचं काम. इथे बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. ते बुखाऱ्याच्या बाजूचे, नावातच मुसाफिर. दर्ग्यावर येणारे यात्रेकरू, फकीर, शिकणारी मुलं यांच्या पोटासाठी हे पीठ दळलं जायचं. हौदाच्या तळाखाली एक मोठं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत. डोक्यावर एवढं पाणी आणि खाली माणसं उन्हाळ्यात गारव्याला बसायची. मी जाळीतून आत हात घातला. दगड गार होता, आपल्या दारिस फलजच्या काठचा दगड दुपारीही असायचा तसा.

निझव्यात सातवीच्या पोरांना मी फलज शिकवायचे तेव्हा तू मागच्या बाकावर बसून जांभया द्यायचास. तरी उजळणी करते. डोंगराच्या पायथ्याला खोल विहीर, तिला फलजची आई म्हणतात. तिथून जमिनीखालून अगदी मंद उताराचं भुयार, मध्ये मध्ये हवेला आणि गाळ काढायला उभ्या विहिरी, आणि गावाजवळ पाणी उघड्यावर येतं. आधी पिण्याचं, मग मशिदीच्या वजूचं, मग बागांचं. बागांचा वाटा वेळेवर मोजायचा, अर्ध्या तासाचा एक अथर; दिवसा खांबाच्या सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून. वाटा वारशानं मिळतो, विकता येतो, लिलावातही जातो, आणि त्या पैशातून भुयाराची दुरुस्ती होते. त्यासाठी गावानं नेमलेला कारभारी असतो, त्याला वकील म्हणतात. ओमानमध्ये असे तीन हजारांच्या आसपास फलज अजून वाहतात. त्यातल्या पाचांना २००६ साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि आपला दारिस त्या पाचांत. ज्या पाण्यात तू पोहायला शिकलास ते.

आणि आता ऐक. हे शहर म्हणजे मुळात खडकी नावाचं खेडं. ते १६१० साली मलिक अंबरनं निजामशाहीची राजधानी म्हणून वसवलं आणि वस्तीला पाणी हवं म्हणून नहर-ए-अंबरी बांधली. हर्सूल-सावंगीच्या बाजूनं, जमिनीखालून, दगडा-चुन्याचा पाट, मध्ये मध्ये उभ्या विहिरी. तीच आई, तोच उतार, तीच युक्ती. पाणचक्कीची नहर नंतरची, पण वंश तोच. बुऱ्हाणपूरला आणि बीदरलाही अशीच भुयारी पाण्याची वाट आहे म्हणे. बीदर म्हणजे माझ्या माहेराच्या उशाशी, आणि मला हे निझव्याला जाऊन आल्यावर कळावं!

मलिक अंबर कोण होता हे तुझ्या सीबीएसईच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपलं असेल. तो इथिओपियाचा, हबशी. १५४८ च्या सुमारास जन्मलेला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबी मुलखातल्या बाजारांतून फिरत बगदादला पोहोचला, तिथे त्याला अंबर हे नाव मिळालं, आणि शेवटी अहमदनगरला निजामशहाचा पेशवा चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं. तो चंगीझखानही हबशीच. त्या गुलामाचा पुढे सेनापती झाला, वजीर झाला, मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं दक्षिणेत पाय रोवू दिले नाहीत. त्यांच्यावरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा अजून उभा आहे. भातवडीच्या लढाईत, १६२४ साली, शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. १६२६ ला तो गेला. खुलताबादला त्याची कबर आहे, भद्रा मारुतीला जाताना बाबा नि मी तिथेही थांबलो.

त्या कबरीपाशी मला वाटलं, या माणसाला परत जायला गावच उरलं नव्हतं. आईनं ठेवलेलं नावही उरलं नव्हतं. वाळवंटी मुलखातून येताना त्यानं जमिनीखालून वाहणारं पाणी पाहिलं असेल, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी, परक्या मुलखात, स्वतःचं शहर वसवायची वेळ आली तेव्हा ते त्याला आठवलं असेल. इतिहासकार काय म्हणतील ते म्हणोत. मला तसं वाटतं आणि मी तेच धरून चालले आहे.

तर तुझ्या वाक्याचं उत्तर हे आहे. मी लगेच इकडची झालेली नाही. निझव्यात राहिले म्हणूनच मला इथली नहर दिसली. ज्या ताईंचं अख्खं आयुष्य या शहरात गेलं त्यांना 'नहरीचं पाणी होतं म्हणे' यापलीकडे त्यात काही दिसत नाही, कारण त्यांच्या खिडकीखाली कधी फलज वाहिला नाही. माझ्या वाहिला. तुझ्याही. हे आपल्याकडून कुठलं इमिग्रेशनचं काउंटर परत मागून घेणार आहे?

तुला आणखी एक गंमत वाटेल. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी. त्याच्या १४व्या शतकातल्या प्रवासवर्णनात निझवाही आहे आणि आपलं दौलताबादही. निझव्याबद्दल तो सांगतो की डोंगराच्या पायथ्याचं गाव, सभोवती बागा आणि वाहतं पाणी, आणि लोक मशिदीच्या अंगणात जमून जेवतात, ज्याच्याकडे जे असेल ते तो घेऊन येतो. रमजानमध्ये इफ्तारला आपण काय वेगळं पाहिलं? दौलताबादला तो आला ते तुघलकाच्या काळात. किल्ला, बाजार, सगळं लिहून ठेवलंय. मी पुस्तक बाजूला ठेवून बाबांना म्हटलं, आपल्या आधी सातशे वर्षांपूर्वी एक माणूस दोन्ही गावं फिरून गेला. बाबा म्हणाले, "त्याला व्हिसा लागला नसेल." पण नंतर बराच वेळ ते पान त्यांच्याच हातात होतं.

मागच्या रविवारी सिटी चौकातून शहागंजकडे चालत गेले. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ गल्लीत एक अत्तराचं दुकान आहे. मी लोबान मागितलं. दुकानदारानं काळपट तपकिरी ढेकळं पुढे केली. मी नाकाशी धरून परत दिली. वास गोड, जड, आपला नव्हे. म्हटलं, "चाचा, ये नहीं. मस्कतवाला." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, स्टूल ओढून वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, आणि कागदावर चार खडे ओतले. हिरवट झाक असलेले, अर्धपारदर्शक. हौजरी! ढोफारच्या डोंगरातलं. एका छोट्या शेगडीत निखारा होताच, त्यावर त्यांनी एक खडा ठेवला. आधी तो नुसता घामेजला, कडेनं पांढरा फेस आला, आणि मग एक सरळ रेष वर निघाली. लिंबाच्या सालीसारखा तो वास सगळ्या दुकानात भरला. शेजारच्या हिमरूच्या दुकानातला पोरगा वास घेत दारात येऊन उभा राहिला. चाचांनी विचारलं, "वहाँ थे क्या आप लोगां?" मी निझवा म्हटलं. त्यांना ते गाव माहीत नव्हतं, पण त्यांचा मेहुणा मस्कतच्या रुईला होता, बरीच वर्षं. मग त्यांनी चहा मागवला, आणि आम्ही मस्कतच्या मुतरहमधल्या सूकबद्दल, म्हणजे बाजाराबद्दल, तिथल्या हलव्याबद्दल, उन्हाळ्यात गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही त्याबद्दल बोलत बसलो. किती दिवसांनी मी त्या गावांची नावं मोठ्यानं उच्चारली! पैसे घेताना ते म्हणाले, "आते रहो बाजी." या शहरात मला 'येत राहा' म्हणणारं ते पहिलं माणूस.

म्हातारीची पुरचुंडी मात्र तशीच ठेवलीय. ती तू आलास की उघडू.

तू म्हणालास, कॉलेजात पोरं विचारतात 'तुझं गाव कोणतं' आणि तुला काय सांगावं कळत नाही. माझ्या आजोबांचं सांगते. त्यांचा जन्म निजामाच्या राज्यात. शिक्षण उर्दूतून, जमिनीचे कागद उर्दूत, खिशात हाली सिक्का. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार, त्याचा भाव वेगळा. हैदराबाद ही त्यांची राजधानी. रझाकारांच्या भीतीनं त्यांनी रात्री रानात काढल्या, भाऊबंद गमावले, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं तेव्हा ते आनंदानं नाचले. पुढे मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला. उदगीर जागचं हललं नाही, आजोबाही हलले नाहीत, आणि त्यांचा देश मात्र बदलला. दर सतरा सप्टेंबरला धुतलेलं धोतर नेसून ते झेंडावंदनाला जायचे. आणि संध्याकाळी ओट्यावर बसून उर्दू शेर म्हणायचे, हैदराबादच्या पत्थरगट्टीतल्या दुकानांची नावं घ्यायचे, तिथल्या बिस्किटांची चव सांगायचे. आजी चिडायची. म्हणायची, ज्या राज्यात जीव मुठीत धरून राहिलात त्याचं काय एवढं? ते उत्तर द्यायचे नाहीत, पुढचा शेर म्हणायचे. मी तेव्हा लहान होते, मला आजीचं बरोबर वाटायचं. आता मला आजोबा कळतात. त्यांच्यात ते दोन्ही होतं आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. तेव्हा कुणी विचारलं तर निझवा सांग. कुणी पुढे विचारलं तर उदगीर सांग, परळी सांग. ज्याला खरंच ऐकायचं असेल तो पुढचंही ऐकून घेईल, बाकीच्यांचा विचार करू नकोस.

या शहरात सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. धूळ आहे. वाहनं कुठूनही अंगावर येतात. आणि नहरीचं जे झालंय ते बघवत नाही. कुणाच्या घराचा पाया तिच्यावर, कुठे सांडपाणी तिच्यात, कुठे बोअरनं तिचं पाणी ओढलेलं. चारशे वर्षं उभं राहिलेलं काम माझ्या-तुझ्या पिढीत फुटलं. मला याचा राग येतो, कारण मी दुसरीकडे पाहिलंय की असं काम सांभाळता येतं. तिथेही आता समुद्राचं पाणी गोडं करून नळाला येतं, फलजवाचून कुणाचं अडत नाही, तरी वकील ठरलेल्या दिवशी गाळ काढायला माणसं उतरवतोच. इथे वरचेवर टँकर बोलवायचे, आणि पायाखाली नहर. खाम नदी साफ करायचं काम काही वर्षांपासून चाललंय, काठ मोकळे झालेत, ते मात्र बघून बरं वाटतं. मी तिथे रविवारी येणाऱ्या लोकांशी ओळख काढली आहे. नहरीबद्दल बोलणारेही काही भेटले. त्यांत एक रिटायर्ड ओव्हरसीअर आहेत, त्यांना उभ्या विहिरींच्या जागा पाठ आहेत.

मधे एका संध्याकाळी बाबांना घेऊन मकबऱ्याच्या मागच्या लेण्यांवर गेले. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेली माणसं कोरलीत, बाया-बाप्ये दोन्ही, खऱ्या माणसांएवढी. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, केसांची ठेवण वेगळी. वेरूळ-अजिंठ्याला जग येतं, इथे आम्ही दोघंच. बाबा पायरीवर बसले आणि निझव्याहून आल्यावर पहिल्यांदा तिथल्या साइटबद्दल आपणहून बोलले.

आता दिवाळीचं. तू म्हणालास प्रोजेक्टसाठी हॉस्टेलवर थांबतो, तिथे येऊन माझं काय आहे? खरंय. तुझं इथे अजून काही नाही. मित्र नाहीत, शाळा नाही, सायकल फिरवलेला रस्ता नाही. तुझी खोली आहे पण त्यात तू झोपलेला नाहीस. म्हणून मी तुला 'घरी ये' म्हणत नाही. माझ्या कामाला ये. मला हर्सूलपासून पाणचक्कीपर्यंत नहरींच्या वाटा चालत बघायच्या आहेत, ते ओव्हरसीअर सोबत येतो म्हणालेत, पण उताराचं गणित मला कळत नाही. पाणी त्या भिंतीत वर चढतं ते नेमकं किती उंचीच्या जोरावर? मातीच्या नळाचा सांधा एवढा दाब कसा सहन करतो? दारिसला उतार किती होता आणि इथे किती? तुझ्या सर्व्हेच्या सरांना विचार, कॉलेजातला उंची मोजायचा ऑटो लेव्हल सुट्टीत मिळतो का. नाही मिळाला तर नुसता ये, डोळ्यांनी बघून सांग.

आणि नान खलिया खायला घालीन, शहागंजच्या बाजूला चांगला मिळतो. तुला तिथल्या शुव्याची, त्या भट्टीत पुरून शिजवलेल्या मटणाची, आठवण येईल असं मी म्हणणार नाही, ते वेगळं, हे वेगळं. पण तू खाऊन बघ.

पुण्याहून रात्रीची बस धरलीस तर पहाटे पोहोचशील. आत स्टँडपर्यंत येऊ नकोस, 'बाबा पेट्रोल पंपा'च्या थांब्याला उतर, तुझे बाबा गाडी घेऊन तिथे थांबतील. येताना जाड बुटं आण, चपलांनी हर्सूलकडचं रान चालवत नाही. मी फराळाला वसुबारसेच्या आधीच बसते आहे, तुला चकल्या जास्त की शेव, ते कळव. आणि तारीख कळव, म्हणजे ओव्हरसीअर काकांना सांगते.

तुझी,
आई

ता. क. निझव्यातलं तुझं भूगोलाचं जर्नल खोक्यात सापडलं. त्यात फलजची आकृती काढली आहेस आणि उभ्या विहिरींची खोली लिहायची राहिलीय. ते मी टेबलावर ठेवलंय.